गोळी कोणाला?

रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथेच अडकून पडतात. रोहिणी चिंचोळी होण्याची सुरुवात त्यातून होते. अडकलेले कण साफ करायला पांढऱ्या पेशी धावून येतात, ते गिळून फुगतात आणि फेसाळ होऊन तिथेच मरतात. त्या राड्यावर स्नायुपेशी आणि तंतूंचे टोपण धरते. वैद्यकाच्या मराठी परिभाषेत हा ‘रोहिणीविलेपी विकार’. दवाखान्यात आणि पारावर याला ‘ब्लॉकेज’ म्हणतात. हा म्हातारपणाचा रोग आहे असे मानायचे कारण नाही. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय होते २२ वर्षे, आणि तीनचतुर्थांशाहून अधिक जणांच्या हृदयरोहिण्यांत विकाराच्या खुणा सापडल्या.

या तरुणांना त्रास काहीच नव्हता, कारण सुरुवातीला रोहिणीची भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. शिकागोचे सेमूर ग्लॅगोव यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की हा थर सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत वाट अरुंद होतच नाही. अँजिओग्राफीत दिसते ती फक्त वाट. भिंतीत काय साचले आहे ते दिसत नाही. छातीत दुखू लागते ते वाट साधारण ७० टक्के बुजल्यावर. पण झटका मात्र पुष्कळदा ५० टक्केही न बुजलेल्या जागी येतो, कारण तिथले पातळ टोपण फाटते आणि त्यावर रक्ताची गुठळी बसते.

हा विकार औषधांनी रोखता येतो, यावर आता फारसा वाद नाही. गोळी कोणाला द्यावी आणि कधीपासून, यावर मात्र चांगलाच वाद आहे. तो इथे दोन कल्पित डॉक्टरांच्या तोंडी मांडला आहे. एक आहेत शहरातल्या कॅथलॅबमध्ये काम करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञ बाई. दुसरे, तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर. दोघांमध्ये टेबलावर एक रिपोर्ट आहे: ५२ वर्षांचे शिक्षक, एलडीएल १४८, रक्तदाब १३८/८६, साखर काठावर, तंबाखू-सिगारेट नाही, वडिलांना ६१व्या वर्षी झटका आलेला. स्वतः शिक्षकांना आजवर कसलाही त्रास नाही.

“सर, यांना स्टॅटिन आजच सुरू करायला हवं,” तज्ज्ञांचे मत.

“कशासाठी? यांना झालंय काय?” फॅमिली डॉक्टरांचा प्रश्न. “माणूस रोज तीन किलोमीटर चालतो. कागदावरच्या एका आकड्यापायी त्याला जन्माचा पेशंट करायचा?”

स्टॅटिनचा शोध बुरशीतून लागला. तोक्योच्या सांक्यो कंपनीतले अकिरा एंदो यांनी सहा हजारांहून अधिक बुरशींचे नमुने तपासले. क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत १९७३ मध्ये त्यांना हवे ते रसायन सापडले. यकृताच्या पेशी ज्या एन्झाइमच्या साह्याने कोलेस्टेरॉल बनवतात, त्यालाच हे रसायन अडवते. आत कोलेस्टेरॉलचा तुटवडा पडला की पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक-रेणू वाढवते आणि रक्तातले एलडीएल आत ओढून घेते. या ग्राहक-रेणूंच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. एंदोंचे औषध बाजारात आले नाही. त्याच जातीचे पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झाले. तेही बुरशीतूनच काढलेले. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळात जे काम करते ते द्रव्यही रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. गोळी नको, नैसर्गिक हवे, असे म्हणत पुष्कळ जण तीच गोळी घेत असतात, तीही मात्रा न मोजता.

एलडीएल उतरल्याने माणूस वाचतो का, याचे पहिले ठाम उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातून आले. आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण त्या चाचणीत होते. साडेपाच वर्षांच्या आसपास औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात २५६ जण दगावले, सिम्वास्टॅटिनच्या गटात १८२. झटका येऊन गेलेल्याला स्टॅटिन द्यायचे की नाही, हा प्रश्न त्या दिवशी मिटला. फॅमिली डॉक्टरही त्याबाबत तज्ज्ञांच्याच बाजूला आहेत.

खरी कुस्ती पुढच्या वर्षीच्या चाचणीवर. स्कॉटलंडच्या पश्चिम भागातले, कधीही झटका न आलेले पण कोलेस्टेरॉल चढलेले ६,५९५ पुरुष पाच वर्षे पाहिले गेले. झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू साध्या गोळीवर ७.९ टक्के जणांच्या वाट्याला आला, प्रवास्टॅटिनवर ५.५ टक्के.

“म्हणजे ३१ टक्के घट,” तज्ज्ञ म्हणतात.

“म्हणजे शंभर जणांनी पाच वर्षं रोज गोळी घ्यायची तेव्हा दोन-अडीच जणांचा झटका टळतो,” फॅमिली डॉक्टर तोच आकडा उलट बाजूने धरतात. “तुमचे एकतीस टक्केही खरे आणि माझे अडीचही खरे. पण पेशंटला एकतीसच ऐकवले जातात. मास्तरांना अडीच सांगा आणि मग विचारा, गोळी घेणार का?”

हिशेबाच्या दृष्टीने फॅमिली डॉक्टरांचा आक्षेप बिनतोड आहे. प्रमाणातली घट सगळ्यांसाठी साधारण सारखीच राहते; एलडीएल ३९ एककांनी उतरले की मोठे झटके सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात. पण प्रत्यक्ष किती जण वाचतात, हे मूळ धोका किती यावर ठरते. धोका शंभरात तीस असेल तर सहा जण वाचतील. शंभरात तीन असेल तर एकही धड नाही. तज्ज्ञ या हिशेबाला हात लावत नाहीत. त्यांचा आक्षेप मुदतीवर आहे.

“सर, चाचणी पाच वर्षांची होती, पण रोग चाळीस वर्षांचा असतो. बावन्नाव्या वर्षी सुरू केलेल्या गोळीचा हिशेब सत्तावन्नाव्या वर्षी बंद करून कसं चालेल?”

त्यांच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा गोळ्यांच्या चाचण्यांतून आलेला नाही, तो आला जनुकांतून. पीसीएसके९ नावाचे प्रथिन यकृतावरचे एलडीएल-ग्राहक नष्ट करते. हे प्रथिन बनवणारे जनुक ज्यांच्यात जन्मतःच निकामी आहे, अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होते. हृदयविकार मात्र ८८ टक्के कमी. आकडा थोडाच खाली, पण आयुष्यभर खाली राहिला, तर फायदा कितीतरी पटीने वाढतो. दुसरा मुद्दा आपल्याकडचा आहे. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना जवळपास ५९व्या. मास्तर ५२ वर्षांचे आहेत.

“जन्मापासून कमी असणं वेगळं आणि पन्नाशीनंतर गोळीनं कमी करणं वेगळं,” फॅमिली डॉक्टर सहजी मानत नाहीत. “आणि रिपोर्टवरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला, हे मी आधीही ऐकलंय. टॉर्सेट्रॅपिब आठवतं ना?”

आठवण बोचरी आहे, कारण या क्षेत्राने खाल्लेला तो सर्वांत मोठा मार आहे. एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, जितके जास्त तितके झटके कमी, असे सगळ्या पाहण्यांत दिसे. टॉर्सेट्रॅपिबने एचडीएल ७० टक्क्यांहून अधिक चढवले. कागदावर याहून सुंदर रिपोर्ट शक्य नव्हता. पंधरा हजार रुग्णांवरची त्याची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये घाईने बंद करावी लागली: औषध घेणाऱ्यांत ९३ मृत्यू, न घेणाऱ्यांत ५९. नायासिननेही आकडे सुधारले, झटके टळले नाहीत. ई जीवनसत्त्वाने काहीच साधले नाही.

फसलेल्या उपायांच्या याच यादीत गुग्गुळ बसतो, आणि त्याची गोष्ट इथलीच आहे. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर काम केले आणि १९६६ च्या प्रबंधात गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरते असे मांडले. पुढे त्याच्या अर्काची गोळीही भारतात विक्रीस आली. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची काटेकोर चाचणी झाली तेव्हा एलडीएल उतरायचे सोडून थोडे चढलेच. आले-लसूण-लिंबाच्या ‘ब्लॉकेज खोलणाऱ्या’ काढ्याला तर काटेकोर चाचणीचा आधारच नाही. तो चवीला वाईट नसतो, एवढेच म्हणता येईल.

मग एलडीएलवर तरी विश्वास का ठेवायचा? कारण ते तीन वेगवेगळ्या वाटांनी उतरवून पाहिले गेले आणि तिन्ही वाटांनी झटके कमी झाले. स्टॅटिन यकृतातले उत्पादन अडवते. एझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. ते सिम्वास्टॅटिनच्या जोडीला दिल्यावर १८,१४४ रुग्णांत सात वर्षांनी घटनांचे प्रमाण ३४.७ वरून ३२.७ टक्क्यांवर आले. पीसीएसके९ अडवणाऱ्या इव्होलोक्युमॅब या इंजेक्शनने २७,५६४ रुग्णांत एलडीएल ९२ वरून ३० पर्यंत खाली आणले आणि झटके आणखी घटले. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरते, म्हणून ही जोड-औषधे लागतात. इन्क्लिसिरॅन हे त्याच रांगेतले नवे इंजेक्शन, सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षातून दोनदा घ्यायचे. किंमत मात्र गोळीच्या कैक पट. एलडीएलच्या मुद्द्यावर पारडे उघडच तज्ज्ञांकडे झुकते. एचडीएलचा आकडा रोगाच्या शेजारी उभा होता, एलडीएल रोगात आहे.

“बरं, मग मास्तरांचा ब्लॉकेज गोळीनं किती टक्के कमी होईल? ते हेच विचारणार,” फॅमिली डॉक्टर पुढे सरकतात.

“जवळजवळ काहीच नाही, सर.”

हे उत्तर रुग्णांना सहसा दिले जात नाही, म्हणून ते नीट पाहण्यासारखे आहे. रोहिणीच्या आत अल्ट्रासाउंडची बारीक नळी घालून भिंतीतला थर मोजता येतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोसुवास्टॅटिनचा ४० मिलिग्रॅमचा जबर डोस दोन वर्षे दिला गेला. एलडीएल १३० वरून ६१ वर आले, निम्म्याहून खाली. भिंतीतला थर किती घटला? रोहिणीच्या एकूण आकारमानाच्या शंभरातला एक हिस्सा, तोही पुरता नाही. नळ साफ होतो हे चित्रच चुकीचे. होते ते असे: टोपणाखालचा चरबीचा गोळा आटतो, जळजळ (दाह) शमते, टोपण जाड होते आणि फाटत नाही. वाट तेवढीच राहते, झटका टळतो. दोन वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी करून ‘काही फरक नाही’ म्हणत गोळी सोडणारा माणूस नेमका तिचा फायदा सोडून देतो.

भिंतीतली जळजळ थेट शमवायचे प्रयत्नही झाले. जुने गाउटचे औषध कोल्चिसीन रोज अर्धा मिलिग्रॅम दिल्यावर २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली. २०२४ च्या आणखी मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असते आणि तो कंद जीवघेणा विषारी आहे, हे इथे सांगून ठेवलेले बरे.

दुष्परिणामांवर दोघांची जुंपते. “माझ्याकडे रोज कोणी ना कोणी येतं, गोळीनं पाय भरून येतात म्हणत. ते सगळे खोटं बोलतात का?” फॅमिली डॉक्टर विचारतात.

“दुखणं खरंच असतं, सर. फक्त बहुतेक वेळा ते गोळीमुळे नसतं.” तज्ज्ञांचा आधार २०२० ची लंडनमधली एक छोटी पण नामी चाचणी आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आळीपाळीने दिले. त्रासाची नोंद रोज शंभरपैकी गुणांत. काहीच न घेता सरासरी ८, पोकळ गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. त्रासाचा नव्वद टक्के भाग गोळी घेतो आहोत या जाणिवेतून आलेला. अर्थात स्टॅटिनला खरे दुष्परिणाम आहेतच. सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून काढावे लागले, कारण त्याने स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होत. आजच्या स्टॅटिनांत ते अतिशय विरळ. मधुमेह मात्र थोडा वाढतो: २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर एक जादा मधुमेही. मास्तरांची साखर आधीच काठावर आहे, हे फॅमिली डॉक्टर बरोबर लक्षात आणून देतात.

ॲस्पिरिनवर दोघे चटकन एकमत होतात. पन्नाशीनंतर ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून रोज एक छोटी ॲस्पिरिन घेण्याची रीत घरोघरी आहे. ॲस्पिरिनने रोहिणी चिंचोळी व्हायची थांबत नाही. फाटलेल्या टोपणावर गुठळी बसू नये यासाठी ती असते. झटका येऊन गेलेल्याला ती हवीच. पण २०१८ मध्ये १९,११४ निरोगी वृद्धांवरच्या चाचणीत झटके टळले नाहीत, रक्तस्राव तेवढे वाढले.

फुग्याने वाट उघडण्याच्या अँजिओप्लास्टीनंतर ती पुन्हा बुजते, तो प्रकार निराळाच. आंद्रेआस ग्रुन्त्सिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिकला हृदयरोहिणीत पहिला फुगा फुगवला. पुढे दिसले की तीन-चार महिन्यांत कित्येकांची तीच जागा पुन्हा अरुंद होते. इथे चरबीचा दोष नाही. फुग्याने भिंत दुखावते आणि स्नायुपेशी जखमेवर मांस वाढावे तशा वाढतात. हेपॅरिन, स्टेरॉइड, माशाचे तेल, रक्तदाबाच्या गोळ्या, स्टॅटिन, सगळे देऊन झाले, कशाचाही उपयोग झाला नाही. धातूच्या जाळीने, म्हणजे स्टेन्टने, प्रमाण थोडे घटले. उत्तर मिळाले रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरच्या मातीत. तिथून १९६०च्या दशकात आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून मॉन्ट्रिअलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल यांनी रॅपामायसिन वेगळे केले. पेशींची वाढ थांबवणारे हे औषध पोटातून न देता स्टेन्टवरच लेपले गेले. २००२ च्या २३८ रुग्णांच्या चाचणीत साध्या स्टेन्टमध्ये सहा महिन्यांत २६.६ टक्के जागा पुन्हा बुजल्या. औषधी स्टेन्टमध्ये एकही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत सरकारने औषधी स्टेन्टची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, तेव्हा तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

“आणि तिथेच घोळ होतो,” फॅमिली डॉक्टर म्हणतात. “स्टेन्ट बसला की पेशंटला वाटतं, पाइप दुरुस्त झाला. सहा महिन्यांत गोळ्या बंद. मशेरी पुन्हा चालू.”

“आणि वर्षभरात तो टेबलावर माझ्यासमोर,” तज्ज्ञ दुजोरा देतात. स्टेन्टवरचे औषध त्या दोन-तीन सेंटिमीटरपुरते असते. बाकीच्या रोहिण्या स्टॅटिनच्याच भरवशावर. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी सांगितलेल्या मुदतीआधी सोडली तर स्टेन्टमध्येच गुठळी बसू शकते.

मास्तरांचा निर्णय शेवटी हृदयाच्या सीटी स्कॅनवर सोपवला जातो. त्यात रोहिण्यांतले कॅल्शियम मोजतात. शून्य आले तर गोळी काही वर्षे लांबवायला तज्ज्ञ तयार होतात. शंभराच्या वर गेले तर ती सुरू करायला फॅमिली डॉक्टर. मधल्या आकड्याला काय करायचे यावर त्यांचे जमत नाही. मधुमेही, तंबाखू खाणारे आणि ज्यांच्या घराण्यातच एलडीएल फार चढे आहे, त्यांच्यासाठी शून्यावरही विसंबता येत नाही, हे मात्र दोघांना मान्य आहे.

निरोग्याला गोळी द्यावी का, हा वाद चालू राहील. ज्यांच्याबाबत वादच नाही, त्यांची गोष्ट निराळी. ‘प्युअर’ या १७ देशांतल्या दीड लाखाहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे आकडे २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसांपैकी श्रीमंत देशांत ६६.५ टक्के लोक स्टॅटिन घेत होते. भारत ज्या गरीब देशांच्या गटात होता, तिथे ३.३ टक्के.